आधी गाळणी, मग माती: पाण्यातल्या प्रतिजैविकांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पाण्यात मिसळलेलं प्रतिजैविक मातीने शोषून काढता येतं का, हा माझ्या पीएचडीचा विषय. पहिले तीन आठवडे माझे आकडे फार सुंदर येत होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बेंटोनाइट ही चिकणमाती टाकायची, रात्रभर शेकरवर हलवायचं, सिरिंजच्या गाळणीतून गाळायचं आणि यूव्हीवर, म्हणजे द्रावणाने किती अतिनील प्रकाश शोषला ते सांगणाऱ्या यंत्रावर, २७५ नॅनोमीटरच्या आसपास मोजायचं. जवळजवळ सगळं औषध गेलेलं दिसायचं. मग लॅबमधल्या एका ताईने विचारलं, "माती न टाकता नुसतं औषध गाळून बघितलंस का गं?" नव्हतं बघितलं. बघितलं तेव्हा कळलं, त्यातलं बरंचसं त्या नायलॉनच्या गाळणीलाच चिकटत होतं. तीन आठवड्यांचं काम पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: मातीला हात लावण्यापूर्वी ब्लँक लावा, म्हणजे एखादा घटक वगळून केलेले तुलनेचे प्रयोग. नुसतं औषध आणि गाळणी. नुसतं औषध आणि काचेचा फ्लास्क. नुसती माती आणि पाणी, कारण बेंटोनाइट इतकं बारीक असतं की सेंट्रिफ्यूज करूनही पाणी किंचित गढूळ राहतं आणि यूव्ही त्या गढूळपणालाच औषध समजतं. फ्लास्कला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन उजेडात विघटित होतं आणि ते श्रेय फुकट मातीला जातं. आणि मेडिकलमधल्या गोळ्या कुटून द्रावण करू नका. गोळीत औषधाखेरीज इतर बरंच काही असतं. प्रयोगशाळेसाठी मिळणारं शुद्ध औषध, म्हणजे स्टँडर्डच मागवा, महाग पडलं तरी.

आता खनिजाची निवड. आपल्याकडे ओढा झिओलाइट या सच्छिद्र खनिजांकडे असतो, आणि ते साहजिकच आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधली, नाशिक-पुणे-जळगावच्या खाणींतली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खुद्द मुंबईत कांदिवलीच्या दगडखाणीत ती सापडली आहेत. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा दगड तापवला, त्यातून पाण्याची वाफ उसळली, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' हे नाव दिलं. छिद्रंच छिद्रं, मग औषध आत जाणारच, असं मलाही वाटलं होतं. पण छिद्राचं माप काढा. क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटच्या आतल्या वाटा रुंदीला एक नॅनोमीटरही भरत नाहीत, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणू एका नॅनोमीटरहून लांब. अमोनियमचा छोटा आयन आत जातो, औषध दाराशीच, बाहेरच्या पृष्ठभागावर थांबतं. अशा वेळी 'सच्छिद्र' हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नये. कशासाठी सच्छिद्र, हे आधी विचारावं.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, वेगळं वागतं. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि ते फाकतात. थरांवर ऋण प्रभार असतो, मध्ये सोडियम-कॅल्शियम बसलेले असतात. सामू (pH) सहाच्या खाली असला की सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर धन प्रभार येतो आणि ते त्यांना हुसकून पानांमध्ये शिरतं. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजणाऱ्या तपासणीत, ते अंतर वाढलेलं दिसतं. आलेखातला तो सरकलेला पीक, म्हणजे टोकदार उंचवटा, पहिल्यांदा पाहिला तो दिवस मला अजून आठवतो. सामू साडेआठच्या वर गेला की रेणू ऋण होतो आणि पकड ढिली पडते. म्हणजे सामू न लिहिता दिलेला अधिशोषणाचा (मातीच्या पृष्ठभागाला औषध चिकटण्याचा) आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

हेच बेंटोनाइट मुंबईत मेट्रोच्या खोदकामात भिंती ढासळू नयेत म्हणून खड्ड्यात भरलेलं तुम्ही पाहिलं असेल. बांधकामाचं स्वस्त पोतं मात्र थेट प्रयोगाला घेऊ नका. आधी धुवून शुद्ध करावं लागतं. आणि पावसाळा! जुलैत तोललेल्या एका ग्रॅम मातीत पाणी किती आणि माती किती, सांगता येत नाही. १०५ अंशांवर सुकवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात थंड करा, लगेच तोला. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आधी ती ओव्हनमध्ये टाका.

खऱ्या पाण्याची भीती वाटते म्हणून बरेच जण डिस्टिल्ड वॉटरवरच थांबतात. थांबू नका. मी मिठी नदीचा नमुना माहीमच्या बाजूने आणला आणि मातीची पकड धाडकन खाली आली. दोन दिवस मी माती बिघडली म्हणून हळहळत होते. मग भरतीचं वेळापत्रक पाहिलं. नमुना भरतीच्या वेळी घेतला होता. खाडीचं खारं पाणी आत शिरलं होतं, आणि त्यातले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम औषधाच्या जागा अडवून बसले होते. ओहोटीला घेतलेल्या नमुन्याने वेगळी गोष्ट सांगितली. तेव्हापासून बाटलीवर तारखेसोबत भरती-ओहोटीही लिहिते.

प्रमाणाचंही तसंच. लॅबमध्ये आपण मोजायला सोपं म्हणून लिटरला १० ते १०० मिलिग्रॅम घेतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला, औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे येतं त्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं, पण ती टोकाची जागा. शहरी सांडपाण्यात प्रमाण त्याहून कितीतरी पटींनी कमी असतं, आणि तिथे एचपीएलसी-एमएसशिवाय, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राशिवाय, काही दिसत नाही. तेवढ्याशा प्रमाणातही औषधाला न जुमानणाऱ्या प्रतिकारक जिवाणूंचं फावू शकतं, म्हणून तर हा खटाटोप. सुरुवातीलाच कुठल्या लॅबमध्ये ते यंत्र वापरायला मिळेल याची चौकशी करून ठेवा.

नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत सांडपाणी प्रकल्प चालवणाऱ्या एका इंजिनिअरने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, ही औषध प्यायलेली माती मी कुठे टाकू?" माझ्या प्रबंधात त्याचं उत्तर नव्हतं. अधिशोषणाने औषध नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जुन्या लॅबमध्ये फोन केला, उरलेली वापरलेली माती मागून घेतली आणि खाडीच्या पाण्याइतक्या खाऱ्या द्रावणात रात्रभर हलवली. सकाळी यूव्हीवर औषधाचा पीक पुन्हा उभा होता. हा प्रयोग तुम्ही पहिल्या वर्षीच करा.