जुन्या स्लॅबमधली नाणी कशी जमवावीत

डबी कानाजवळ धरून हलकेच हलवली की आतलं नाणं खुळखुळतं. अमेरिकन संग्राहक या डबीला 'रॅटलर' म्हणतात, आमच्या घरी तिचं नाव 'खुळखुळा' पडलं आहे. पीसीजीएस या अमेरिकन कंपनीने १९८६ साली नाण्याची प्रत (ग्रेड) ठरवून ते प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे 'स्लॅब'मध्ये, द्यायला सुरुवात केली. १९८९ पर्यंतच्या त्या पहिल्या डब्यांत नाणं घट्ट बसत नसे, म्हणून हा आवाज. माझ्याकडच्या खुळखुळ्यात १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचं जुनं अमेरिकन नाणं, आहे. मावसबहिणीने तो न्यू जर्सीहून आणून दिला.

नाशिकमध्ये नाण्यांचा नाद असलेली माणसं बहुधा चांदवडी रुपयामागे किंवा क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांमागे असतात. साहजिकच आहे. १९०६ साली जोगलटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली ती याच जिल्ह्यात, आणि त्यातल्या कितीतरी नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. मग अमेरिकन प्लास्टिक कशाला, असं मला नेहमी विचारतात. माझ्यासाठी ही डबी म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेलं आणि तसंच सीलबंद राहिलेलं मत आहे. त्या दिवसापासून नाण्याला कुणाचं बोट लागलेलं नाही. नाणं आणि मत दोन्ही एकत्र वाचायला मिळतं, ही या छंदाची खरी गोडी.

आधी डोळा तयार करा

पैसे खर्च करण्याआधी एक महिना फक्त चांदी बघा. दोन साधे रुपये घ्या. १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया चालेल, तो कोट्यवधींनी पाडला गेला होता आणि अजून सहज मिळतो. एक न वापरलेला, न घासलेला घ्या. दुसरा बहुधा घरातच मिळेल: देवघरातला, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी रांगोळीने नाहीतर दंतमंजनाने घासून लख्ख केलेला. दोन्ही एका दिव्याखाली धरून हळूहळू फिरवा. न घासलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. ठसा बसताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात, हे फिरणं त्यांच्यामुळे दिसतं. घासलेल्या रुपयावर त्या रेषाच उरलेल्या नसतात. तो चमकतो, पण पातेल्यासारखा, सगळीकडून एकसारखा. हा फरक एकदा नजरेत बसला की निम्मं काम झालं.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं नाण्यांचं संग्रहालयही आहे. नाशिककरांनी तिथे एकदा तरी सवडीने जावं.

डबीची पिढी ओळखा

प्रत १ ते ७० अशा आकड्यांत सांगतात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली, पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० आणि त्यावरचे 'एमएस' (मिंट स्टेट) आकडे न वापरलेल्या नाण्यांना मिळतात.

पीसीजीएसचा खुळखुळा आकाराने लहान असतो आणि एकावर एक रचायला त्याला उचललेली कड नसते. त्यानंतर १९९८ पर्यंतच्या हिरवट लेबलच्या डब्या येतात, यांना मोठी मागणी असते. पुढे लेबल निळं झालं. एनजीसी ही प्रत ठरवणारी दुसरी अमेरिकन कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली. तिच्या अगदी पहिल्या डब्या आतून काळ्या होत्या, त्या थोडेच दिवस चालल्या आणि आज त्यांची किंमत नाण्याइतकीच डबीसाठीही मोजतात. त्यानंतरच्या पांढऱ्या, जाडजूड डबीला 'फॅटी' म्हणतात. एनॅक्स या तिसऱ्या अमेरिकन संस्थेची कथा याहून जुनी: १९७२ पासून खरं-खोटं तपासणं, १९७९ पासून नाण्याच्या फोटोसह प्रतीचं प्रमाणपत्र आणि १९८९ पासून लहान पांढरी डबी. नवशिक्याने हिरव्या लेबलपासून सुरुवात करावी, असं माझं मत.

ही डबी आजवर का फुटली नाही, हे विचारा

विक्रेता हमखास सांगतो: त्या काळी प्रत कडक लावत, आजच्या हिशेबाने हे एक आकडा वर जाईल. त्यात तथ्य आहे. निकष हळूहळू सैल होत गेले, असं जुने संग्राहकही मानतात. पण हे गुपित तीस वर्षांपासून सगळ्या बाजाराला माहीत आहे. कमी प्रत लागलेलं चांगलं नाणं दिसलं की व्यापारी डबी फोडून ते पुन्हा तपासायला पाठवत आणि वाढलेल्या आकड्यावर नफा कमवत. म्हणजे चाळणी आधीच बरेचदा फिरली आहे. एका आकड्याच्या फरकाने किंमत कित्येक पट होते अशा जातीचं नाणं अजून जुन्याच डबीत असेल, तर अनेक जाणत्या डोळ्यांनी ते पाहून तसंच ठेवलं असण्याची शक्यता मोठी.

म्हणून मी उलट्या बाजूने खरेदी करते. ६४ आणि ६५ च्या किमतीत फार अंतर नसलेली, मुबलक सालं बघायची. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर असाच आहे. हा मुबलक मिळतो, त्याचा ठसा खोल आणि रेखीव असतो, आणि फोडून फारसा फायदा नसल्यामुळे सुंदर नाणीही जुन्या डबीत सुखरूप राहिली आहेत. २००७ पासून सीएसी नावाची संस्था पीसीजीएस आणि एनजीसीच्या डब्यांतली अमेरिकन नाणी पुन्हा पाहून स्टिकर लावते. हिरवा म्हणजे दिलेली प्रत पक्की, सोनेरी म्हणजे नाणं त्याहून वरच्या प्रतीचं. सोनेरी स्टिकरची किंमत आधीच वाढलेली असते, तिथे स्वस्ताची आशा धरू नका.

नाण्यावरचा ओरखडा आणि डबीवरचा ओरखडा

पाच-सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात हिरव्या लेबलचा एक डॉलर मी हातातून परत ठेवला. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्त्रीमुखाच्या, गालावर आडवी रेघ दिसत होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी तोच उचलला, दोनदा तिरका केला आणि पैसे मोजले. रेघ डबीवर होती. ते नाणं मला आजही आठवतं.

त्या दिवसापासून मी असं करते. एकच पिवळा दिवा, बाकी उजेड बंद. डबी दिव्याखाली धरून डावी-उजवीकडे सावकाश कलवायची आणि रेघेकडे नजर ठेवायची. रेघ प्लास्टिकवर असेल तर ती गालावरून सरकल्यासारखी वाटते, कधी तिची पुसट सावली नाण्यावर पडते. नाण्यावरची रेघ जागची हलत नाही, कोन बदलला की फक्त उजळते नाहीतर विझते. मग पाच किंवा दहा पटीचं भिंग लावून गाल, कपाळ आणि मोकळा पृष्ठभाग बघायचा. एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेघांचा झुबका दिसला तर नाणं कधीतरी पुसलेलं आहे.

टोनिंग, म्हणजे काळाच्या ओघात नाण्यावर चढलेला रंग, हाही असंच फिरवून बघा. रंगाच्या खालून उजेडाचं चक्र फिरत असेल तर उत्तम. रंग जाड आणि मुका असेल तर सोडून द्या. तांब्याच्या नाण्यांबाबत जास्त सावध राहा: लेबलवर 'रेड' (मूळ तांबूस लाली टिकलेलं) लिहिल्यानंतर तीस वर्षांत तांबं तपकिरी पडलेलं असू शकतं.

नुसत्या फोटोवरून घ्यायचं असेल तर दोन कोनांतला छोटा व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपवा.

डबी खरी आहे ना?

२००८ मध्ये पीसीजीएसने आपल्या डब्यांची नक्कल बाजारात आल्याचा इशारा दिला होता, आणि जुन्या डब्यांत आजच्यासारखी सुरक्षाचिन्हं नाहीत. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधा. साल, टांकसाळ आणि प्रत तिन्ही जुळली पाहिजेत. जुन्या नोंदींना बहुतेकदा फोटो नसतो, त्यामुळे क्रमांक जुळला तरी तपासणी थांबवू नका. जोडाच्या कडेवर पांढरे ताणाचे डाग, तडा किंवा गोंदाची चकाकी आहे का ते पाहा, तसं असेल तर डबी उघडली गेली असण्याची शक्यता आहे.

फोडू नका

सराफ बाजारातल्या एका काकांना माझा डॉलर दाखवला तेव्हा त्यांनी आधी डबीच हातात तोलली. "ताई, हे फोडल्याशिवाय वजन कसं सांगू?" मी म्हटलं, "काका, वजन मला माहीत आहे. २६.७३ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी." ते हसले आणि डबी परत दिली. मोडीच्या भावाने बघणाऱ्याला प्लास्टिक ही अडचणच वाटणार, त्यांची चूक नाही.

पण आपल्याला फोडणं परवडत नाही आणि त्याला पक्कं कारण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही. डबी फोडली आणि नवी करायला नाणं टपालाने अमेरिकेला धाडलं, हा मार्ग आपल्यासाठी नाही. इथे एकदा फुटलेली डबी फुटलीच. परदेशातून मागवताना सीमाशुल्काची चौकशीही आधीच करा, पार्सल अडकल्यावर नको.

सांभाळायचं कसं

या डब्या हवाबंद नसतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते तेव्हा ती आतही पोचते. माझ्या डब्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभ्या असतात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, ज्या मी श्रावणात दोनदा बदलते. रबरबँड कधीही लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत. लेबलवर ऊन पडू देऊ नका, हिरवा रंग उडतो.

प्रत्येक डबीचे पुढून-मागून फोटो, क्रमांक, कधी आणि कितीला घेतली, हे एका वहीत आणि फोनवर दोन्हीकडे ठेवा. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की आमच्या गल्लीत सामान वरच्या मजल्यावर न्यायची घाई सुरू होते. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरापासून माझा स्टीलचा डबा कायमचा माळ्यावर आहे आणि वहीची एक प्रत बहिणीकडे पंचवटीबाहेर.