शाळेच्या प्रशासनात जायचंय? या चुका टाळा

मुख्याध्यापक व्हायचं ठरलं की बहुतेक जण लगेच कोर्स शोधायला लागतात. पहिली चूक इथेच होते. आधी पद ठरवा, त्याची पात्रता वाचा, मग प्रवेश घ्या.

अमेरिकेत एकच विद्यापीठ शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी दोन प्रकारे देऊ शकतं. एक प्रिन्सिपलच्या परवान्यासाठी लागणारी, दुसरी नुसतीच पदवी. नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे फसायला होतं. परवानाही राज्यागणिक वेगळा. इंग्लंडमध्ये हेडटीचरसाठीची एनपीक्यूएच ही पात्रता पूर्वी सक्तीची होती, 2012 मध्ये ती ऐच्छिक झाली. म्हणून कुणाच्या दहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्यावर फी भरू नका.

चुकीचा कोर्स झालाच असेल, तर घाईने दुसरी पदवी घेऊ नका. परवाना देणाऱ्या यंत्रणेला गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम दाखवा. आधीची किती क्रेडिट्स धरली जातील, हे लेखी मागा. फोनवरचं ‘चालेल हो’ पुढे कामाला येत नाही.

वर्गात न शिकवता थेट ऑफिसात बसण्याची घाईही नडते. मुख्याध्यापकपदासाठी बहुतेक ठिकाणी शिकवण्याचा अनुभव मागतात. तो असला तरी दाखल्यात घोळ असतो: नुसतं ‘शिक्षक म्हणून काम केले’. रुजू झाल्याची नि सोडल्याची तारीख, इयत्ता, विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं नोकरी सोडतानाच लिहून घ्या. नंतर संस्थेत ओळखीचं कुणी उरत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोर्समधली इंटर्नशिप, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम शिकण्याचे दिवस, नुसती सहीपुरती उरकणं. त्या दिवसांत वेळापत्रक मागून घ्या. समजा 12 तुकड्या आहेत, रोज 8 तासिका, आठवड्याला 6 दिवस. म्हणजे 576 तासिका. एका शिक्षकाकडे 30 दिल्या तर निदान 20 जण लागतात. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात गणिताला चार जण हवेत नि आहेत तीन, प्रयोगशाळा एकच, आणि सकाळी साडेसातला एकाचा रजेचा मेसेज येतो. त्याच्या पाच तासिका कुणाला द्यायच्या? रोज त्याच दोघांना दिल्या तर शिक्षकखोलीत काय बोललं जातं, हे कुठल्याही पेपरात विचारत नाहीत.

हिशेबाचंही तेच. अंदाजपत्रक एकदा तरी लेखनिकाशेजारी बसून, ओळ न ओळ विचारत वाचा.