पेशी कशी मेली ते ओळखा: अ‍ॅनेक्सिन-पीआय चाचणी नाशिकच्या हवेत

पेशी मेली, एवढ्यावर रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास भागत नाही. ती कशी मेली ते कळावं लागतं. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आवरून-सावरून मरते. पेशीच्या पटलाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य बाहेर येतं, मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते ओळखून तिला गिळतात, सूज येत नाही. पेशी फुटली तर मात्र एटीपी (ऊर्जेचा रेणू), एचएमजीबी-१ (केंद्रकातलं प्रथिन) असा आतला ऐवज सांडतो आणि प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते. अ‍ॅनेक्सिन-व्ही हे प्रथिन त्या फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं. पीआय (प्रोपिडियम आयोडाइड, लाल चमकणारा रंग) फक्त पटल फाटलेल्या पेशीत शिरतं.

किट मुंबईहून कसारा घाट चढून येतं, तेव्हा जेल पॅकमध्ये मागवा. आल्यावर २ ते ८ अंशांवर ठेवा. फ्रीजरमध्ये टाकलंत तर अ‍ॅनेक्सिन वाया गेलंच समजा.

नैतिकता समितीची परवानगी आणि रक्तदात्याची लेखी संमती हातात असल्याशिवाय रक्त घेऊ नका. हेपारिनच्या नळीत ४ मिली घ्या. ईडीटीए शक्यतो टाळा: अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पकडून ठेवतं. रक्तात तेवढंच पीबीएस (फॉस्फेट बफरचं खारं पाणी) मिसळून ते ४ मिली फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) नळीच्या कडेने हळूहळू सोडा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद.

इथे नाशिकची हवा आडवी येते. फायकॉलची १.०७७ घनता २० अंशांना धरलेली असते. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की घनता उतरते, लिम्फोसाइट (आपल्याला हव्या त्या पांढऱ्या पेशी) खाली घसरतात आणि फायकॉलवर जमणारा त्यांचा पांढरा पट्टा विरळ दिसतो. डिसेंबरच्या सकाळी, निफाडकडचा गारठा खोलीत शिरला की उलट होतं: घनता वाढते, लाल पेशी पट्ट्यातच रेंगाळतात. म्हणून फायकॉल, पीबीएस आणि सेंट्रिफ्यूज तिन्ही २० अंशांवर आणूनच सुरुवात करा.

पट्टा उचलून पीबीएसने दोनदा धुवा, दोन्ही वेळा २०० जी, १० मिनिटं. वेग वाढवायचा मोह आवरा. प्लेटलेट वरच्या द्रवात राहायला हव्यात; उत्तेजित प्लेटलेटवरही फॉस्फॅटिडिलसेरीन असतं, त्या लिम्फोसाइटला चिकटल्या की जिवंत पेशीही मेलेली भासते.

ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) ०.४ टक्के, पेशींत निम्मं-निम्मं मिसळून पाच मिनिटांच्या आत मोजा. सुरुवातीलाच जिवंत पेशी ९० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर पुढे जाऊ नका. दिसेल ते तुम्ही तपासत असलेल्या औषधाचं काम नसून हाताळणीचं असेल.

पेशींवर औषधाचा प्रयोग झाल्यावर त्या बाइंडिंग बफरमध्ये घ्या: हेपीस १० मिलिमोलर, मीठ १४०, कॅल्शियम क्लोराइड २.५, पीएच ७.४. १०० मायक्रोलिटरमध्ये एक लाख पेशी, त्यात अ‍ॅनेक्सिन-एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग जोडलेलं) ५ आणि पीआय ५ मायक्रोलिटर. अंधारात १५ मिनिटं, मग ४०० मायक्रोलिटर बफर, आणि तासाभरात वाचन. सोबत चार नळ्या हव्यातच: बिनरंगाची, फक्त अ‍ॅनेक्सिनची, फक्त पीआयची, आणि १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिनमध्ये (अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) ठेवलेल्या पेशींची. पीआयची नळी ५६ अंशांवर तापवून मारलेल्या पेशींची करा, नाहीतर तिच्यात रंगायला काही नसेल.

फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) नसेल तर फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक चालतो. किमान २०० पेशी मोजा. कडेला हिरवी कड आणि आत काळोख, ती अपॉप्टोसिसच्या सुरुवातीची पेशी. हिरव्या कडेआत लाल केंद्रक दिसलं की थबका.

दोन्ही रंगांची पेशी उशिराच्या अपॉप्टोसिसची असू शकते, नेक्रोसिसची (इजेने फुटून मेलेली) असू शकते, किंवा गॅसडर्मिन-डी या प्रथिनाने पटलाला छिद्रं पाडून झालेल्या पायरोप्टोसिसचीही. एका वेळेच्या वाचनावरून निकाल देणं चूक आहे. २, ४, ८ तासांना पाहा: हिरव्या पेशी आधी वाढून मग लाल झाल्या तर वाट अपॉप्टोसिसची. पेशींवरचं माध्यम फेकू नका. त्यातलं एलडीएच (फुटलेल्या पेशीतून सांडणारं विकर) त्याच दिवशी तपासा, उरलेलं उणे ८० अंशांवर आयएल-१ बीटासाठी (पायरोप्टोसिसमध्ये बाहेर पडणारं दाहकारक प्रथिन) ठेवा.