सेन्सरचा सिग्नल उलटा येतोय? एक ट्रान्झिस्टर पुरेल

सेन्सर काही दिसलं की ५ व्होल्ट देतो, आणि पुढच्या बोर्डाला मात्र त्याच वेळी शून्य हवं असतं. प्रोग्राम बदलता येत असेल तर तिथेच उलटवा, ते सर्वांत सोपं. तयार बोर्डात ती सोय नसेल तर बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घ्या.

१. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.
२. सेन्सरचं आउटपुट एका रेझिस्टरमधून बेसला. हा रेझिस्टर गाळू नका, नाहीतर ट्रान्झिस्टर किंवा सेन्सर जळेल.
३. एमिटर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला.
४. दुसरा रेझिस्टर कलेक्टर आणि बोर्डाचा सप्लाय यांच्यामध्ये. उलटा सिग्नल कलेक्टरवरून घ्या.

बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर चौथ्या पायरीत ३.३ व्होल्टच जोडा. म्हणजे सिग्नल उलटतो आणि ५ चा ३.३ही होतो, ही मला या जोडणीतली सगळ्यात आवडती गोष्ट.

सेन्सर आणि बोर्ड यांचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवंच. ते राहिलं की आउटपुट भलतंच काहीतरी दाखवतं आणि आपण विनाकारण ट्रान्झिस्टर बदलत बसतो.