घरगुती स्टेन्सिलची तयारी, आणि पत्र्याची पाठ

शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून सोल्डर पेस्टचे स्टेन्सिल, म्हणजे सर्किट बोर्डावर घटक जोडणारी पेस्ट नेमक्या जागी लावण्यासाठीचा छिद्रांचा साचा, करण्याचा माझा पहिला प्रयत्न पत्र्याची चाळणी होऊन संपला. टोनर, म्हणजे कागदावरून इस्त्रीने पत्र्यावर उतरवलेली लेझर प्रिंटरची शाई, उत्तम उतरला होता, पॅडच्या (घटक जोडायच्या तांब्याच्या जागांच्या) कडा रेखीव होत्या, फक्त पत्र्याची मागची बाजू उघडी राहिली होती. धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणाने तो मागूनच खायला सुरुवात केली आणि पाण्यातून बाहेर काढला तेव्हा पॅडसाठी कोरलेली छिद्रे कोणती आणि आपोआप पडलेली कोणती, हे मलाच ओळखता येईना. म्हणून पुढे काहीही वाचायचे राहिले तरी चालेल, पण पत्र्याची पाठ झाकायची आहे एवढे लक्षात ठेवावे.

हातमोजे, डोळ्यांना चष्मा, उघडी खिडकी, प्लास्टिकचा ट्रे. यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी.

बोर्डाच्या संगणकावरील आराखड्याकडे मात्र निवांत बसून पाहावे. आराखड्यातल्या पेस्टच्या थरात फक्त पृष्ठभागावर बसणाऱ्या घटकांचे पॅड हवेत; चाचणीचे बिंदू किंवा ज्यांचे पाय बोर्डातून आरपार जातात अशा घटकांचे पॅड चुकून आले असल्यास काढून टाकावेत. डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो आणि द्रावण जसे खाली खाते तसेच बाजूंनाही खाते, त्यामुळे प्रत्येक छिद्र चारही बाजूंनी निदान ०.०५ मिमी आत घ्यावे आणि आधी एका छोट्या तुकड्यावर अंदाज घ्यावा. छिद्राचे क्षेत्रफळ त्याच्या आतल्या भिंतींच्या क्षेत्रफळाच्या ०.६६ पटीहून कमी झाले, तर पेस्ट पॅडवर उतरण्याऐवजी छिद्रातच अडकते. या जाडीला चौकोनी छिद्राची बाजू ०.२७ मिमीच्या खाली नेण्यात अर्थ नाही. ०.५ मिमी पिचच्या (लगतच्या दोन पायांच्या मध्यांमधले अंतर) चिपसाठी हा खटाटोप करूच नये, असे माझे मत आहे.

छपाई १०० टक्के मापात आणि निगेटिव्ह करावी, म्हणजे छिद्रे पांढरी आणि बाकी सगळे काळे. याच पद्धतीने बोर्डाचा तांब्याचा वरचा थर करताना आपण चित्र उलटे छापतो. इथे ते सरळच छापावे. टोनर उतरताना चित्र उलटते आणि तीच बाजू पुढे बोर्डावर पालथी बसते. कोरलेल्या बाजूला छिद्र किंचित रुंद असते, आणि रुंद तोंड बोर्डाकडे असले की पेस्ट सहज सुटते.

डबा कापून पत्रा टेबलाच्या कडेवरून उलट्या दिशेने ओढावा, म्हणजे त्याचा बाक जातो. बाहेरचा रंग पॉलिश पेपरने घासून अ‍ॅसिटोनने पुसावा. आतल्या बाजूला पारदर्शक लेप असतो, तो खरवडू नये. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने दोन्ही बाजू लखलखीत केल्या होत्या, म्हणजे पाठीचे होते नव्हते ते संरक्षणही स्वतःच्या हाताने काढले होते. अर्थात तो लेप शाबूत असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये, कारण एक ओरखडाही द्रावणाला पुरतो. पाठ चिकटपट्टीनेच झाकायची.

ही पायरी विसरण्याचे कारण तिच्या जागेत आहे. प्लास्टिकची पट्टी इस्त्रीखाली वितळते, म्हणून ती आधी लावता येत नाही. इस्त्री होते, कागद पाण्यात भिजवून हलक्या बोटांनी सोलला जातो, खाली काळा कुळकुळीत पत्रा दिसतो आणि माणूस हरखून थेट ट्रेकडे वळतो. तिथे थांबावे. पत्रा पुसून पूर्ण कोरडा करावा, कारण ओल्या पाठीवर पट्टी धरत नाही. रुंद, पारदर्शक पट्टी कडांवरून दोन-तीन मिलिमीटर पुढच्या बाजूला दुमडून घ्यावी आणि नखाने सगळीकडे दाबून बुडबुडे काढावेत; कोपरा सुटला की द्रावण तिथूनच आत शिरते. टोनरमधल्या बारीक फटी मार्कर पेनने भराव्यात. मग पत्रा उलटा करून पाठ झाकली आहे ना, हे पुन्हा पाहावे. होय, पुन्हा.

द्रावण पातळ करून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमवर ते तांब्यापेक्षा फार जोरात चालते, फेसाळते, तापते आणि हायड्रोजन सोडते, त्यामुळे जवळ ज्योत नको. आधी तांब्यासाठी वापरलेले द्रावण असेल तर पत्र्यावर तांबूस गाळ बसतो. तो मऊ ब्रशने झटकावा. दर मिनिटाला पत्रा बाहेर काढून, धुऊन उजेडासमोर धरावा. पट्टी पारदर्शक असल्याने पडलेली छिद्रे तशीच दिसतात. सगळी उघडली की भरपूर पाण्याने धुवावे, पट्टी काढावी, टोनर अ‍ॅसिटोनने पुसावा. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

पुढचे थोडक्यात. पेस्टची बरणी फ्रिजमधून काही तास आधी काढून बंदच ठेवावी, नाहीतर आत दव धरते. बोर्डाभोवती त्याच जाडीचे टाकाऊ बोर्ड चिकटवावेत, पत्रा एका कडेने पट्टीवर बिजागरीसारखा बसवावा, जुन्या प्लास्टिक कार्डाने एकच हात फिरवावा आणि पत्रा सावकाश उचलावा. लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जाड वहीत सपाट ठेवावा. वाकला की गेला.