नागपुरात नुसती पार्किंगची जागा विकत घेताना

समृद्धी महामार्गाच्या जमिनीचा मोबदला आला, तेव्हा सेलू-आर्वीकडच्या कास्तकाराला सल्ले देणारे वाढले. त्यातलाच एक सल्ला: सीताबर्डीत गाडीपुरती जागा घेऊन टाका, भाडं घरबसल्या येईल, कापसाच्या भावाकडे पाहायचं काम नाही. कल्पना वाईट नाही. ती विकणारे बहुतेक जण मात्र अर्धंच सांगतात.

जागा हेरणं सोपं आहे. सीताबर्डी, इतवारी, महाल, सदर, जिथे दुपारी गाडी लावायला जागा सापडत नाही, तिथेच मागणी असते. भाव दोन-चार ठिकाणी विचारून घ्या.

खरी गोम पुढे आहे, आणि मलाही ती उमजायला वेळ लागला. दलाल बोट दाखवतो तो पिवळ्या पट्ट्यातला चौकोन विकता येतो का? इमारतीबाहेरच्या माणसाला, सुटा, बहुतेक वेळा येत नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट सांगितलं, की स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा मोकळ्यावरची पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही. पुढे 2016 च्या रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने मोकळं पार्किंग सामाईक जागेत धरलं. त्याचे पैसे मागणारा बिल्डर, फ्लॅटधारक म्हणून जिच्यात तुमचाही वाटा आहे, ती जागा तुम्हालाच विकतो आहे. याच कायद्यात गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. त्याचे पैसे बिल्डर घेऊ शकतो, पण त्याच प्रकल्पात फ्लॅट किंवा गाळा घेणाऱ्याकडून.

"भाऊ, सगळे असेच तं करतात," असं म्हणत दलाल पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून द्यायला तयार होतो. घेऊ नका. नोटरीने स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही, त्याला रजिस्ट्रीच लागते. जागा सोसायटीच्या ताब्यात गेली असेल, तर पार्किंगचं वाटप सोसायटीची समिती करते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) ती जागा विकण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्क सभासदालाही नाही, मग तुम्ही तर बाहेरचे. उद्या वॉचमनने गेटवर अडवलं, तर हातातल्या नोटरीचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: सुटं पार्किंग घ्यायचंच नाही. लहान गाळा किंवा ऑफिस घ्या आणि आच्छादित, म्हणजे छपराखालचं पार्किंग त्याच नोंदणीकृत करारात लिहून घ्या. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) एप्रिल 2024 च्या आदेशाने पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण कराराच्या परिशिष्टात द्यावं लागतं. ते परिशिष्ट नाही, तर इसार नाही. टेप घेऊन जा आणि मंजूर नकाशाशी मोजमाप ताडून पाहा. मोटारीची जागा साधारण 2.5 बाय 5 मीटर धरतात. बीमखाली उंच गाडी शिरते का आणि खांब दाराला आडवा येतो का, हे कागदावर कळत नाही. गाडी घेऊनच जावं.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला सांगायलाच हवी: नागपूरच्या जुन्या भागात बरेच भूखंड नझूलचे (सरकारी मालकीचे) किंवा नागपूर सुधार प्रन्यास या सरकारी संस्थेच्या भाडेपट्ट्याचे आहेत. सातबारा मागत बसू नका, शहरात आखीव पत्रिका (भूखंडाचा मालकी-उतारा) पाहतात. पट्ट्याची मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाचा खर्च कोण भरणार ते आधी लिहून घ्या. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर आधीचे व्यवहार पाहता येतात, आणि वकील आपला लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

रजिस्ट्री, मुद्रांक शुल्क, चेकने पैसे: नेहमीसारखंच.

भाड्याने देताना गाळा आणि पार्किंग एकाच भाडेकरूला द्या. पार्किंग तेवढं बाहेरच्याला दिलं, की सोसायटीशी वाद सुरू झालाच. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, त्यात पार्किंगचा क्रमांक टाका, आणि भाडं मोजताना मेंटेनन्स, मालमत्ता कर व गाळा रिकामा राहील ते महिने आधी वजा करा.