वीज गेली तरी लॉगिन उघडं राहू नये म्हणून

गोव्यात पावसाळ्यात तास चालू असताना वीज जाते, लॅबमधला संगणक पटकन बंद होतो आणि मुलं वर्गाकडे वळतात. वीज आल्यावर पुढच्या वर्गातलं कुणी क्रोम उघडतं, आणि आधीच्या मुलाचं जीमेल समोर हजर! कारण लॉगिनची खूण ब्राउझरने डिस्कवर जपलेली असते. नुसता संगणक बंद केल्याने ती पुसली जात नाही.

म्हणून शाळेच्या संगणकावर बसल्याबसल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबा. काळसर रंगाची इन्कॉग्निटो खिडकी उघडेल. लॉगिन तिथेच करा. तिची खूण डिस्कवर राहत नाही, त्यामुळे वीज गेली तरी खातं उघडं राहत नाही. काम संपल्यावर मात्र अशा सगळ्या खिडक्या बंद करा, एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन चालूच राहतं. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं विचारलं तर नेहमी नकार द्या.

इथे बरीच मुलं फसतात: उतरवून घेतलेल्या फायली इन्कॉग्निटोतही डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहतात. आधार कार्ड किंवा गुणपत्रिका उतरवली असेल तर ती निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरणार नाही.

लॉगआउट करायचं राहिलंच, तर घरी मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन डिव्हाइसची यादी उघडा, शाळेचा संगणक निवडा आणि साइन आउट करा. शंका वाटली तर पासवर्डही त्याच दिवशी बदला, आणि सरांना किंवा बाईंना सांगा.